जावळाआधीचा चेहरा

उमरखेडच्या बस स्टँडमागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मधे कॅमेरा आणि दिवे, आणि मागच्या भिंतीपासून थोडी जागा सोडून टांगलेला निळा पडदा. गिऱ्हाईक पडद्यापुढे बसायचं. पडद्यामागे छताच्या कडीला माझ्या जुन्या साडीची झोळी बांधलेली असायची आणि झोळीत माझी धाकटी मुलगी. झोळीला एक लांब दोरी बांधून ती मी पडद्याखालून कॅमेऱ्यापर्यंत आणली होती. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, झोका द्यायचा आणि हाताने फोटो काढायचे. पासपोर्ट फोटोसाठी एखादे गुरुजी मान ताठ करून बसले, की नेमकं मागून रडणं सुरू व्हायचं. गुरुजींची नजर कॅमेरा सोडून छताकडे जायची. "इकडे बघा सर," असं म्हणत मी पाय जोरात हलवायचे.

नवरा लग्नांची कामं करायचा. लग्नसराईत तो आज पुसदला तर उद्या हदगावला, घरी फक्त कपडे बदलायला यायचा. स्टुडिओ माझ्याकडे, आणि बायकांचे कार्यक्रमही माझ्याकडे. डोहाळजेवण, बारसं, हळद. मुसलमान घरांतल्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, तिथेही मीच. पोराचा डबा, त्याला शाळेच्या ऑटोत कोंबणं, धाकटीची आंघोळ, मग दुकानाचं शटर. पोरगा दुपारी सासूबाईंकडे असायचा. दोन्ही मुलं सांभाळणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, म्हणून धाकटी माझ्याबरोबर. घरचंच दुकान आहे, म्हणजे बाईला किती सोपं, असं म्हणणाऱ्या बऱ्याच बायका मला भेटल्या. त्यांना एक दिवस ती दोरी पायात अडकवून उभं करायची माझी फार इच्छा होती.

सासूबाईंचा एक नियम होता. जावळ काढेपर्यंत लेकराचा फोटो काढायचा नाही. थोरल्याच्या वेळी मी तो पाळला होता आणि धाकटीच्या वेळीही पाळत होते. आमच्या भागात पुष्कळ घरांत हे चालतं. पोटात असताना डोहाळजेवणाचे दोनशे फोटो निघतात, फुलांचे दागिने घालून, झोपाळ्यावर, पोटावर हात ठेवून. पण लेकरू बाहेर आलं, की कॅमेरा बंद. झोपलेल्या लेकराचा तर कधीच नाही.

"जावळ होऊ दे, मंग काढ किती काढाचे थे," त्या म्हणायच्या. "कायले आपल्याच लेकराले नजर लावतं?"

फोटोवाल्याच्या घरात पोरीचा एक फोटो नाही, याची मला चीड यायची. पण पोरगा रोज दुपारी त्यांच्याकडे असायचा आणि मला रोज दुकान उघडायचं असायचं. सगळ्याच गोष्टींवर भांडायला बाईकडे वेळ कुठे असतो? शिवाय मनातून वाटायचं, पोरगी कुठे पळून चालली आहे? काढू की जावळाला.

धाकटी पोटात असताना मी फुलसावंगीला एका डोहाळजेवणाची ऑर्डर घेतली होती. घर शेतकऱ्याचं, चांगलं खातंपितं. जिचं डोहाळजेवण होतं ती सून माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, सावळी, हसली की वरची हिरडी दिसायची. तिचा सातवा चालू होता आणि माझा आठवा. हिरव्या साडीत ती झोपाळ्यावर बसलेली आणि मी समोर पोट सांभाळत वाकून फोटो काढत होते. मधेच तिने झोपाळ्यावरची जागा हाताने झटकली.

"ताई, तुमीबी बसा ना. तुमाले कोण बसवते झोक्यावर?"

सगळ्या बायका हसल्या. मी नको नको म्हणत असताना तिने मला ओढून बसवलंच. तिच्या सासूने माझीही ओटी भरली. मग दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने वाटी उचलली आणि बर्फी निघाली. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. ती खदखदून हसते आहे आणि मागे तिच्या सासूचा चेहरा पडलेला आहे. अल्बममध्ये मी तो घातला नाही.

मला मुलगी झाली. महिन्याभराने तिलाही मुलगी झाल्याचं कळलं. बारशाला बोलावतील असं वाटलं होतं, पण बोलावलं नाही. का बोलावलं नसेल, ते समजण्यासारखं होतं.

त्यानंतर ती मला दिसली ती एकदम स्टुडिओच्या दारातच. उन्हं तापलेली होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं. बरोबर तिची आई होती, ती बाहेरच्या पायरीवर बसली. ही आत आली. अंगावर साधी साडी, गळा बसलेला. मी ओळखलं नाही, हे तिला कळलं.

"वळखलं नाही का ताई? झोक्यावर बसवलं होतं तुमाले."

मी हसले, बसा म्हणाले, पोरगी कशी आहे विचारलं.

"गेली," ती म्हणाली.

ताप आला होता. आधी गावात दाखवलं, मग उमरखेडला आणलं, तिथून नांदेडला न्यायला सांगितलं. नांदेड यायच्या आधीच, गाडीत. ती हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. मग तिने पिशवीतून मोबाइल काढून काउंटरवर ठेवला.

"यातले फोटो काढून पाह्यजे. पुसले त्याईनं."

जावळाचा नियम तिच्या घरातही होता. पण तिने चोरून काढले होते, पोरगी पालथी पडायला लागली तेव्हाचे, दोन-चार. पोरगी गेल्यावर घरी आणून हिला सुई देऊन झोपवलं. उठली तर मोबाइलमध्ये एकही फोटो नव्हता.

"ननंदेनं पुसले," ती म्हणाली. "वाईट नाही थे. म्हणे, पाहून पाहून रडशीन. डोकं फिरन तुह्यं."

मला त्या नणंदेचा राग आला आणि राग धरताही येईना. आमच्याकडे इतकं लहान लेकरू गेलं, की त्याला जाळत नाहीत, पुरतात. त्याची तेरवी होत नाही, भिंतीवर फोटो लागत नाही. मोठी माणसं म्हणतात, त्याचं नाव काढू नका, म्हणजे आई लवकर उभी राहील. सगळ्यांनी मिळून चांगल्या मनानेच ते केलं होतं. घरात त्या लेकराची लंगोटीसुद्धा ठेवली नव्हती.

मोबाइल मी कॉम्प्युटरला लावून बघितला. गल्लीच्या तोंडाशी मोबाइल रिपेअरिंगवाला आहे, त्याच्याकडे घेऊन गेले. मुसलमान मुलगा, हाताचा चांगला. त्याने बरीच खटपट केली. सोयाबीनवरच्या किडीचे फोटो निघाले, कुणाच्या तरी वरातीचा व्हिडिओ निघाला. लेकरू निघालं नाही. मी परत येऊन तिला सांगितलं.

ती उठली नाही. काउंटरवरची काच बोटाने पुसत राहिली.

"मंग बनवून द्या," ती म्हणाली.

फोटो बनवणं हा आमच्या धंद्याचा मोठा भाग आहे. घरातलं म्हातारं माणूस गेलं, की तेरवीच्या आत फ्रेम पाहिजे असते आणि माणसाचा धड फोटो कुणाकडेच नसतो. मग आधार कार्ड आणतात, कुणाच्या तरी लग्नातला गर्दीचा फोटो आणतात. मी चेहरा कापून घेते, कोट चढवते, मागे आभाळ लावते. कोट माझ्याकडे एकच आहे. तालुक्यातले निम्मे गेलेले पुरुष त्या एकाच कोटात भिंतीवर आहेत आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही. फोटोत डोळे मिटलेले असतील तर दुसऱ्या कुणाचे तरी बसवते.

"माह्या आजेसासऱ्याचा नाही का देला बनवून? त्याईचे त डोये मिटेल होते. तुमी उघडे करून देले."

"त्यांचा फोटो होता बाई," मी म्हणाले. "मिटलेला का होईना, होता. हिचं काहीच नाही. कशावरून बनवू?"

तेवढ्यात पडद्यामागे माझी पोरगी जागी झाली आणि रडायला लागली. मी दोरी शोधत होते, तोवर समोर बसलेल्या तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले. तिने पदर ओढून घेतला. दोघींनीही ते पाहिलं. मी मुलीला झोळीतून काढून बाहेर आणलं. तिने हात पुढे केले. नाही म्हणायला मला जमलं नाही, मी दिली.

तिने पोरीला छातीशी धरलं नाही. समोर धरून बघत राहिली. कान, केस, हनुवटी, एकेक करून. पोरगी रडायची थांबली आणि तिच्याकडे टकमक बघू लागली.

"हिचाच काढून द्या," ती एकदम म्हणाली. "अश्शीच होती माही. जराशी काळी होती, बस. तुमी रंग सावळा करून द्या. मी कोणाले सांगत नाही ताई. पेटीत ठेवीन, साडीच्या घडीत."

कॅमेरा स्टँडवर लावलेलाच होता. पडदा मागे होता. एक बटण दाबायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कर्कश वाटला. "थे नाही होत."

मी मुलगी तिच्या हातातून घेतली. खरं सांगायचं तर ओढूनच घेतली. सासूबाईंच्या नजरेला, मीठमोहऱ्यांना, लिंबू-मिरचीला मी वर्षानुवर्षं हसत आले होते. पण माझ्या जिवंत पोरीचा फोटो एका मेलेल्या पोरीच्या नावाने कुणाच्या तरी पेटीत राहणार, ही कल्पना माझ्याने सहन होईना. ती समजली. उठली आणि आईला घेऊन बसकडे गेली.

त्याच आठवड्यात माझी मुलगी आजारी पडली. साधी सर्दी, मग ताप, मग श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या. उमरखेडच्या डॉक्टरांनी नांदेडला न्या म्हटलं. हे शब्द मी नुकतेच दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकले होते. नवरा कुठल्याशा गावी हळदीत होता, त्याचा फोन लागेना. शेजारची गाडी घेऊन मी आणि सासूबाई निघालो. पोराला शेजारी ठेवलं. पूर्ण रस्ता मी पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसले होते.

"कोणाच्या हाती देली होती पोट्टी?" सासूबाईंनी गाडीत विचारलं.

मी मान खिडकीकडे वळवली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

नांदेडला तिला काचेच्या खोलीत ठेवलं. न्यूमोनिया म्हणाले. इवल्याशा हाताला सलाइन लावलं आणि तो हात पुठ्ठ्याला बांधला. मला थोडा थोडा वेळ आत सोडायचे. बाहेर बाकड्यावर बसले, की मी डोळे मिटून तिचा चेहरा आठवून बघायचे. का, ते मी स्वतःशीही बोलत नव्हते. एकदा असं झालं, की तिचा डावा कान मला आठवेना. पाळी चिकटलेली की सुटी? रोज तेल लावते त्या कानाला आणि आठवेना. मी उठून दारावर थापा मारायला लागले. नर्स ओरडली. मी आत जाऊन आधी कान पाहिला.

मग मोबाइल काढला आणि फोटो काढायला लागले. कान, तळपाय, मुठी, नाकातली नळी, कपाळावरची शीर. धंद्यात आजवर इतक्या भराभरा मी कधी फोटो काढले नव्हते. सासूबाई दाराच्या काचेतून बघत होत्या. मी बाहेर आले तशा म्हणाल्या, "अशा वक्ती फोटो? जावळ त होऊ देतं?"

"राहिली तर जावळाचे काढू," मी म्हणाले. "नाही राहिली तर काय पाहू? सांगा ना आई, काय पाहू मी?"

त्या मटकन खाली बसल्या, बाकड्यावर नाही, जमिनीवरच, गुडघे दुखत असताना. पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. येणारेजाणारे बघत होते. मी ते बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पोरगी वाचली. काही दिवसांनी आम्ही घरी आलो. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मी निमूट उभी राहिले. थोरला रुसला होता, माझ्याशी बोलेना, मग चार दिवस माझा पदर सोडेना. भांडी, धुणं, तुंबलेली कामं, दुकानासमोर साचलेली धूळ. सगळं पूर्ववत चालू झालं. मला मात्र काम करताना त्या फुलसावंगीच्या बाईची बोटं दिसायची, काच पुसणारी. तिच्या डोळ्यांपुढे तिच्या पोरीचा कान असेल का अजून, असं वाटायचं. शेवटी मी तिला फोन केला.

"या," मी म्हणाले. "माझ्या मुलीचा फोटो देत नाही मी. पण बसू आपण. तुम्ही सांगा, मी बनवते."

ती ताकदीचं औषध आणायच्या निमित्ताने उमरखेडला यायची. आई बाहेर पायरीवर बसायची, ही आत माझ्या शेजारी कॉम्प्युटरसमोर. पहिल्याच दिवशी तिने मोबाइलमधला एक फोटो दाखवला. तिच्या भावाने नवरा-बायकोचे फोटो टाकून कुठल्याशा ॲपवर लेकरू बनवलं होतं. गोरंपान, निळ्या डोळ्यांचं, गालाला लाली लावल्यासारखी.

"हे त विलायती लेकरू हाये," ती म्हणाली आणि हसली. हिरडी दिसली. मीही हसले. त्यानंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नाही.

मी वेगळी पद्धत धरली. डोहाळजेवणाचे फोटो माझ्याकडे होतेच. त्यातून तिचं नाक, तिच्या नवऱ्याचं कपाळ घेतलं. गाल, हनुवटी, जावळ हे, तो नियम न पाळणाऱ्या घरांतून स्टुडिओत आलेल्या लेकरांच्या जुन्या फोटोंतून थोडं थोडं घेतलं. कुणाचंही अख्खं लेकरू घेतलं नाही, हे मी कटाक्षाने पाळलं. मग ती सांगायची. ती आधी डोळे मिटून घ्यायची, थोडा वेळ तशीच बसायची, आणि डोळे उघडून बोलायची.

"भुवया नव्हत्याच. नुस्ती लव होती."

"कान मोठे करा. नाही, इतके नाही. बापासारखे, पण मऊ."

"खालचा ओठ आत ओढे. झोपली का ओढे."

पडद्यामागून माझी मुलगी रडली, की ती थांबायची, भिंतीकडे बघायची. मी मुलीला पाजून यायचे आणि परत माउस हातात धरायचे. मुलगी मी पुन्हा तिच्या हातात दिली नाही आणि तिनेही मागितली नाही. एखाद्या दुपारी पोरगा शाळेतून थेट दुकानात यायचा. "हे कोणाचं बाळ?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला बिस्किटाचा पुडा देऊन बाहेर पिटाळलं. सासूबाईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला ती फार ठाम असायची. मी चुकले की लगेच बोट ठेवायची. पुढे पुढे तिची पद्धत बदलली. ती आधी स्क्रीनवरचा चेहरा बघायची, मग डोळे मिटायची. एकदा तिने कपाळ रुंद करायला सांगितलं आणि पुढच्या खेपेला, एवढं रुंद नव्हतं म्हणाली. एकदा भुवया रेखायला लावल्या. "तुम्हीच म्हणाल्या होत्या, भुवया नव्हत्या," मी म्हटलं, तर ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "हो का?" म्हणाली. मला वाटलं, जमत आलंय म्हणून बारीकसारीक घोळ चालू आहे. म्हाताऱ्यांच्या फोटोंतही घरचे असाच घोळ घालतात. मी हातातल्या कामाकडे बघत होते, आणि काम चांगलं होत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता. नसलेल्या फोटोवरून फोटो बनवणारी बाई यवतमाळ जिल्ह्यात दुसरी नसेल, असंही मनात येऊन गेलं.

शेवटच्या दिवशी तिने स्क्रीनवर हात ठेवला.

"हेच," ती म्हणाली. "हेच होती."

पोस्टकार्डाच्या आकाराची एक प्रत मी काढून दिली. तिने ती ओली असल्यासारखी तळहातावर धरली. बाहेर आईला दाखवली. आईने बघितली आणि पदराने डोळे पुसले, पण काही बोलली नाही. ती बोलली नाही हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन मुलांना शिरा करून घातला.

नंतर पावसाळा गेला. मुलीचं जावळ झालं, फोटो झाले, ती धरून धरून उभी राहायला लागली. सोयाबीन निघायच्या दिवसांत रस्त्यावर सगळीकडे मळणीतलं कुटार, बारीक भुसकट, उडत होतं आणि दुकानात बसलं तरी डोळे चुरचुरायचे. तेव्हा ती परत आली, या वेळी एकटी. मी पाणी दिलं. तिने पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला. घडीत राहून त्याची एक कड दुमडली होती.

"हे नाही ताई ती," ती म्हणाली.

मला वाटलं, परत काही बदलायचं असेल. मी कॉम्प्युटर चालू करायला वळले. "बसा. काय राहिलं सांगा."

"बदलाचं नाही काही." ती उभीच होती. "मले आता ती दिसतच नाही. पह्यले डोये मिटले का दिसे. रोज दिसे. पाजताना पाहे ना माह्याकडे, तशी दिसे. आता डोये मिटले का हे दिसते."

तिने फोटोवर बोट ठेवलं.

"आईले त त्याच दिवशी समजलं होतं. म्हणे, हे आपली नाही. मी तिच्यावरच चिडली."

मी म्हणाले, आठवेल, थोडे दिवस फोटो बघू नका, नजरेआड ठेवा. हे बोलताना मला कळत होतं, की तिच्या नणंदेनेही हेच सांगितलं होतं.

"तिले कोणी नीट पाह्यलंच नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माणूस वावरात राहे. सासूनं तोंडच फिरोलं होतं, पोट्टी झाली म्हून. मीच पाहो दिवसभर. ती माह्या एकटीजवळच होती ताई. आता माह्याजवळ बी नाही."

कॉम्प्युटर चालू झाला होता. मी ते काम उघडून तिच्या देखत पुसून टाकलं, सगळे टप्पे, पहिल्या दिवसापासूनचे. पुसत असताना वाटलं, एखाद्या टप्प्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ती अजून ठाम असताना, तो चेहरा खरा होता की काय. पण तोवर ते गेलं होतं. आणि असता तरी कोणता, हे आता कोण सांगणार होतं? ती बघत होती. मग फोटो तिथेच सोडून बाहेर पडली.

पाठोपाठ एक कुटुंब आलं. नवरा, बायको, जावळ काढलेलं लेकरू, डोक्याला हळद-कुंकवाचं स्वस्तिक. पहिलाच फोटो काढायचा म्हणून सगळे नवे कपडे घालून आले होते. मी दिवे लावायला मागे गेले. बायको काउंटरपाशी थांबली होती, तिने तो फोटो उचलून बघितला.

"अगंबाई, किती गोड," ती म्हणाली. "कोणाची हो?"

मी तोंड उघडणार, तर दारात ती परत आलेली होती. बस लागली होती, कंडक्टरची घंटा गल्लीपर्यंत ऐकू येत होती. ती आत आली आणि त्या बाईच्या हातातून तिने फोटो काढून घेतला, हलकेच, कड मोडणार नाही असा.

"माही हाये," ती म्हणाली. पिशवीत घातला आणि बसकडे गेली.